काठाला बांधलेली खाट

दुपारच्या गुंगीत म्हाताऱ्या नावाड्याला वाटायचं, वॉर्डातली आपली खाट पाण्यावर डुलतेय. पलीकडचा काठ दिसायचा, नाव निघायची आणि ऐनवेळी दोर ताणला जायचा. डोळे उघडले की कळायचं, दोर कसला, लघवीची नळी ती! ऑपरेशनच्या वेळी घातलेली, अजून तशीच.

"आता चालतात की हे. डॉक्टर म्हणाले, काढा नळी," सिस्टर त्याच्या लेकाला म्हणाली.

"राहू द्या ना. सारखं उठवा, न्या, आणा... नळीनं सोपं पडतं."

"सोपं तुम्हाला पडतं. जंतू शिरून ताप चढला तर तो यांना चढेल!"

आणि तिनं नळी काढलीच. म्हातारा मनात हसला. माणसं चढेपर्यंत नाव बांधायची, चढली की दोर सोडायचा. नाहीतर नाव कसली, ओंडकाच तो.

संध्याकाळी लेकाच्या खांद्यावर हात टाकून तो डुलत डुलत संडासापर्यंत गेला. पायाखालची फरशी लाटांसारखी हलत होती. लेकही मागोमाग आत शिरू लागला, तसा म्हातारा गुरकावला,

"बाहेर थांब. इतके दिवस चारचौघांत झालं, आता दार ओढून घे."