एकही भोक न चुकलेला पत्रा

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण कुणी आठवण सांगा म्हटलं की मला आधी आठवते ती सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतली पत्रेचोरी.

तिथल्या एका कारखान्यात भोकांचे पत्रे तयार व्हायचे. मळणीयंत्राच्या चाळणीला गोल भोकं, डाळ मिलला लांबट, खिडक्यांना चौकोनी. त्यातला गोल भोकांच्या पत्र्यांचा गठ्ठा गायब झाल्याची फिर्याद आली. व्यवस्थापकाचा संशय फाटकावरच्या रखवालदारावर. हा माणूस पाथर्डीकडचा. वर्षानुवर्षं बायको-मुलींना घेऊन ऊसतोडीला जायचा. नुकताच कोयता सोडून नोकरीला लागला होता. त्यात आमच्या खबऱ्यानं बातमी आणली, "साहेब, त्याच्या घराला तसलाच पत्रा हाय."

झालं! पंच घेऊन आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. खिडकीला खरोखरच गोल भोकांचा पत्रा. त्याची बायको दारात आडवी उभी राहिली.

"भंगारात इकत घेतलाय साहेब. ह्यांची नोकरी गेली तर आमाला परत फडात जावं लागंल. पोरींची साळा सुटंल."

बाई रडली नाही, पण दारातून हललीही नाही. मला तिचं वाईट वाटलं. पण वाईट वाटून तपास होत नसतो. मी पत्रा नीट निरखला. मधली एक ओळ भोकांविना कोरीच राहिली होती. यंत्राचा ठोका चुकला असणार.

तेवढ्यात बाहेर गल्लीत पळापळ सुरू झाली. पोलिसांची जीप बघून कुणी खुराड्याचं दार काढतंय, कुणी मोरीवरची जाळी गोधडीखाली ढकलतंय. घरोघर तेच पत्रे!

"साहेब, समदी गल्लीच आत घ्यावी लागंल," आमचा हवालदार म्हणाला. मला हसू आवरेना.

तरी एकेक पत्रा बघितला. कुठे ओळ वाकडी, कुठे दोन भोकं फाटून एक झालेली. कारखाना चुकलेला माल भंगारात काढायचा, तोच रीतसर विकत घेऊन लोकांनी वापरला होता. मग चोरीचा पत्रा ओळखायचा कसा? हवालदाराला म्हटलं, "ज्यात एकही चूक नाही, तो शोध."

आसपासच्या गावांत हिंडताना एका बागायतदाराची कांदाचाळ दिसली. कांद्याला खालून हवा लागावी म्हणून तळाला पत्रे टाकलेले. ओळी अशा सरळ की दृष्ट लागावी. मालक कौतुकानं सांगू लागला, "भंगारच्या टेम्पोवाल्यानं दिलं. एक नंबर माल हाय. तुमाला पायजे का?"

टेम्पोवाल्याला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा दिला आणि गल्लीतला एक पत्रा व चाळीतला एक पत्रा टेबलावर शेजारी ठेवले.

"यातलं भंगार कोणतं?"

त्यानं चटकन गल्लीतल्या पत्र्यावर बोट ठेवलं.

"मग हा दुसरा कुठून आणला?"

चहा तसाच राहिला. बराच वेळ आढेवेढे घेतले, मग गडी बोलता झाला. कारखान्यात टेम्पो भरताना खाली चांगला माल, वर भंगार. रखवालदार वरवर बघून फाटक उघडायचा. मुद्देमाल जप्त करून पंचनामा केला, टेम्पोवाल्याला अटक केली. व्यवस्थापकालाही बजावलं, "तुमच्या रखवालदाराविरुद्ध काही नाही. त्याला कामावर ठेवा." त्यानंही ऐकलं.

गरिबाच्या घरात वस्तू सापडली की आपण पोलीस लोक लगेच खूश होतो. पण वस्तू सापडणं म्हणजे चोर सापडणं नव्हे. ती तिथे आली कशी, हे विचारण्यापुरता धीर धरावा, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो आणि पुढे तरुण अधिकाऱ्यांना सांगत राहिलो.

दिवाळी झाली. पाथर्डीकडून ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या होत्या, तेव्हा एकदा सुप्यावरून जाताना मी त्या फाटकाशी थांबलो. रखवालदार एक भरलेला टेम्पो तळापर्यंत रिकामा करून घेत होता. ड्रायव्हर वैतागला होता आणि हा मात्र मजेत. त्याची बायको डबा घेऊन आली होती.

"पोरी कुठं आहेत?" मी विचारलं.

"साळंत," ती म्हणाली. "दिवाळीनंतरची साळा कशी असती, ते औंदा पयल्यांदाच बगत्यात."