पाठराखणीविना नवरी

चाकणच्या पंचक्रोशीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की हळद दळायच्या आधी तानाबाईला सांगावा जायचा. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एक पोक्त बाई पाठराखीण म्हणून जाते, चार दिवस राहते आणि पोरगी रुळली की परतते. या कामात तानाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात मात्र तिच्यामागं कुणीच गेलं नव्हतं. आई आधीच वारलेली. त्या परक्या घरात तहान लागली तर पाणी कुणाकडं मागावं हेही तिला कळलं नव्हतं, आणि तो राग तिनं जन्मभर विझू दिला नाही.

एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला ती अंबू नावाच्या नवरीला घेऊन तिच्या सासरी, रावेतला आली. अंबू गाईसारखी गरीब. नवरा सोनबा काही वाईट नव्हता, पण मित्रांत बसला की त्याला शिंगं फुटायची. तेवढ्यात चिंचवडला तंबूतला सिनेमा लागला. नव्या नवरा-नवरीची गोष्ट, हसून हसून पोट दुखतं म्हणे! सगळं घर बैलगाडी जुंपून निघालं.

हसायचं कसलं डोंबलाचं! पडद्यावरची नवरी एकटीच सासरी आली. नवऱ्यानं दोस्तांदेखत तिला विचारलं, "बाई, आपण कोण?" ती बिचारी रडतेय, ट्रंकेवर बसून हुंदके देतेय आणि अख्खा तंबू खदाखदा हसतोय. शेवटी 'गंमत केली' म्हणत नवरा दाराआडून उडी मारून आला, बाई लगेच हसली आणि दोघं गायला लागली. तानाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हिच्यासंगं कुनीच कसं न्हाई?" ती भर तंबूत ओरडली. "पाठराखीन मेली का काय हिची?"

बायकांनी तिला गप्प केलं. कनातीपलीकडं पुरुषांत सोनबाचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. अंबूनं तोंडाला पदर लावला होता, पण ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनबाचे मित्र ओट्यावर जमले. अंबू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सोनबानं मित्रांना डोळा घातला आणि म्हणाला, "कोन गं तू? मी तर तुला वळखत न्हाई."

मित्र खिंकाळले. अंबूच्या तांब्यातलं पाणी तिच्याच पायावर सांडलं. परक्या गावात एका माणसाच्या भरवशावर आलेली पोर ती. तोच म्हणतो ओळखत नाही.

तानाबाई आतून आली ती बोचकं बांधूनच. "वळखत न्हाई म्हनतोस? चौघांत म्हनलास, बरं झालं. चल गं अंबू. ज्या घरात वळख न्हाई तिथं आपल्याला पानीसुदिक नगं."

सासू आडवी आली, सासऱ्यानं हात जोडले. तानाबाई थांबली नाही. सोनबानं त्यांना गाठलं ते थेट वेशीपाशी, अनवाणी.

"मावशी, चेष्टा केली वो! सिनेमातली बाई न्हाई का हसली शेवटाला?"

"तिला हसायचं पैसं मिळत्यात, लेका. हिला कोन देतं?"

मित्र मागून येऊन उभे होते, विहिरीवरच्या बायका घागरी टाकून बघत होत्या. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची त्या काळी पुरुषांना कोण लाज! पण तानाबाई तेच ऐकायची वाट बघत राहिली.

"ही अंबू," तो अखेर म्हणाला. "माझी बायकू हाय."

"त्या टोळक्याला ऐकू गेलं न्हाई."

तो ओरडून म्हणाला. विहिरीवर हशा पिकला. सोनबा कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं तानाबाईच्या हातातलं बोचकं घेतलं.

अंबू परत फिरली. नवऱ्यामागून उंबरा ओलांडून आतही गेली. पण तानाबाईचा पदर तिनं मुठीत असा घट्ट धरला होता, की मावशीलाही तिच्यामागं आत जावं लागलं.