पुतणीच्या लग्नापायी गेलेलं अपील

उशीर कसा करावा हे शिकायचं तर आमच्या पुणतांब्याच्या मामांकडूनच. त्यांच्यापुढे बाकी आपण सगळे नुसते आळशी. मामा गावनात्याने माझ्या आईचे भाऊ. मी नगरला एका वकिलांकडे कारकून होतो. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला ते अधूनमधून माझ्याकडे उतरत. सकाळच्या गाडीने येतो म्हणून कळवलेलं असे आणि उगवत संध्याकाळच्या. विचारलं तर म्हणत, "एक गाडी गेली की दुसरी येती. तिला तरी दुसरं काम काय हाय?" अर्धी दाढी झाल्यावर कुणी आलं, तर साबण वाळेपर्यंत गप्पा. जेवायला बसेपर्यंत भाकरी थंड, कालवण थंड आणि वाढणारी तापलेली.

त्यांचं भांडण सख्ख्या थोरल्या भावाशी. विहीर सामाईक, आठवड्यातून तीन दिवस पाण्याची पाळी मामांची. थोरल्याने ती बंद केली आणि बोलणंही. कोपरगावच्या कोर्टात मामा हरले. नगरला अपील करायची मुदत तीस दिवसांची. मी पत्रावर पत्रं टाकली, आणि मामा आले ते सात महिन्यांनी, दिवाळी उरकून.

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "इतके दिवस होता कुठे?"

"पुतणीचं लगीन हुतं ना," मामा म्हणाले. "मांडवाच्या फांद्या चुलत्यानंच आनायच्या असत्यात. एका हातानं त्या आनायच्या अन् दुसऱ्या हातानं तिच्या बापावर अपील लावायचं, हे कसं हुईल?" पुढे पंचमीला पुतणीला माहेरी आणायलाही हेच गेले. थोरल्याने तोंडातून शब्द काढला नाही, बैलगाडी मात्र जुंपून दिली होती.

उशीर माफ करावा असा अर्ज द्यायचा होता. वकीलसाहेब म्हणाले, "टायफॉइड झाला होता असं लिहू."

"दादा समोर असनार. त्यानं मला पंगतीत बुंदी वाढताना बघितलंय," मामा म्हणाले. शेवटी खरं तेच लिहिलं.

मग तारखा पडू लागल्या. बाकीचे पक्षकार तारीख पडली की चरफडत, मामा खूष. तारखेला ते चक्क वेळेआधी हजर. व्हरांड्यात बाक एकच. पुकारा होईपर्यंत दोघे भाऊ त्यावर बसत, मध्ये एक पिशवी. बोलणं नाही. थोरला तंबाखू मळायचा, थोडी बाकावर ठेवायचा. मामा ती उचलायचे.

अखेर जज्जसाहेबांनी विचारलं, लग्न दोन दिवसांचं, बाकीच्या महिन्यांचं काय? प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं. मामांपाशी ते नव्हतं. अपील फेटाळलं, पाण्याची पाळी कायमची गेली. थोरला वळूनही न बघता जिना उतरून गेला.

मला वाईट वाटलं आणि मामांचा रागही आला. ते बाकावर बसून होते.

"पान्याचं सोड," ते म्हणाले, "ज्वारी कोरडवाहू बी येती." मग पिशवी मांडीवर घेत म्हणाले, "आता पुढची तारीख न्हाई ना रं?"

"नाही, मामा."

"मंग दादा आता माझ्याजवळ कुठं बसायचा?"

तेवढ्यात वकीलसाहेबांनी हाक मारली आणि मी लगबगीने उठलो. मामा आता नाहीत. त्यांची फार आठवण येते, आणि त्या दिवशी मी आणखी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसायला हवं होतं असं वाटत राहतं.