किरण दिलेली पिशवी

मी परवा दिलेल्या रक्ताची पिशवी रक्तपेढीच्या काचेमागे किरण देणाऱ्या यंत्रात गेली आणि काही मिनिटांत बाहेर आली. रंग तोच, फक्त वर चिकटवलेल्या पट्टीवरची खूण, किरण लागल्याची निशाणी म्हणून, काळी पडली होती.

माझी धाकटी बहीण सुधा याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर दाखल आहे. रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांनी तिची प्रतिकारशक्ती पार संपली आहे.

"सख्ख्या भावाचं रक्त, त्याला कशाला किरण?" मी विचारलं.

तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "काका, सख्ख्याचीच जास्त भीती. तुमच्या पांढऱ्या पेशी ताईंच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. मग त्या तिथे ठाण मांडतात आणि ताईंवरच उलटतात. किरणांनी त्यांची वाढ थांबते."

मी सवयीने आकडे विचारले. बेचाळीस दिवस टिकणारी पिशवी आता फार तर अठ्ठावीस दिवस. लाल पेशींनाही थोडी झळ बसते, म्हणून लवकर द्यायची.

चौदा दिवस कमी झाले, पण मला वाईट वाटलं नाही. आम्ही मोठे भाऊ मायेसोबत सल्ले देतो, हक्क गाजवतो. ते वगळून नुसतं उपयोगाचं देता आलं, तर ते थोडं कमी टिकलं तरी चालेल.

दुपारी सुधाला रक्त सुरू झालं. तोवर मी तिला बाईंनी सांगितलेलं सगळं ऐकवून झालं होतं. "हात हलवू नकोस, आणि..." मी सुरुवात केली.

"दादा," सुधा म्हणाली, "त्या बाईंना सांग, माझ्या दादाच्या तोंडालाही पाच मिनिटं किरण द्या."

कितीतरी दिवसांनी ती हसली होती. मी मुकाट्याने थेंब मोजत बसलो.