पुलावरची फट

कोथरूडहून मंडईला जाताना नदीच्या पुलावर रस्त्यात एक आडवी फट लागते. स्कूटर तिथे आदळली की माझी कंबर बोलायला लागते आणि तोंडही. शेवटी 'ही फट त्वरित बुजवावी' असा महापालिकेला अर्ज लिहिला, सोसायटीभर सह्या घेतल्या आणि बहिणीपुढे ठेवला. ती पुलांची डिझाइन करते. सही न करता तिने मला मे महिन्याच्या भर दुपारी पुलाखाली, नदीपात्रात नेलं.

खांबांच्या माथ्यावर रबराच्या जाड काळ्या उशा होत्या. अख्खा पूल त्यांच्यावर नुसता टेकलेला होता.

"उन्हाने पूल लांबतो, थंडीत आखडतो," ती म्हणाली. "फट बुजवलीस तर तो लांबणार कुठे? स्वतःलाच फोडेल."

तेवढ्यात वरून खच्चून भरलेली बस गेली. माझा हात खांबावर होता. सगळ्या माणसांसकट तिचं वजन माझ्या तळहाताजवळून जमिनीत उतरलं आणि मला काहीच जाणवलं नाही. मी बराच वेळ हात काढला नाही.

अर्ज घरी जाऊन फाडला. त्या फटीवर कंबर अजूनही बोलते. तोंड मात्र गप्प असतं.