धुळीची सल्लागार समिती

पीएचडीचा गाईड शोधणं म्हणजे स्थळ शोधणंच, असं मला ओळखीच्या प्रत्येकाने हसत हसत सांगितलं. माझ्या आईने मात्र ते मनावर घेतलं. मी प्रवेश परीक्षा पास झाले होते आणि तिची मुदत जूनअखेर संपत होती. तोवर गाईड मिळून सल्लागार समितीच्या सह्या झाल्या नाहीत, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा फॉर्म, पुन्हा परीक्षा, आणि मी तिशी ओलांडलेली, दोन कॉलेजांत तासावर शिकवणारी बाई.

विषय माझा पक्का होता. सावनेरकडे एका गिट्टीच्या क्रशरवर बाबा ऑपरेटर होते. दगड फोडायचा, गिट्टी ट्रकांत भरून पाठवायची आणि धूळ आपल्या घरी न्यायची, असा तो धंदा. क्रशरला लागून कामगारांच्या खोल्या होत्या, तिथे मी वाढले. आमच्याकडे दुधावर सायीच्या आधी धूळ धरायची. आई हिवाळ्यात नाल्यापलीकडच्या वावरांत कापूस वेचायला जायची. पुढे बाबा निवृत्त झाले, आम्ही नागपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. क्रशर अजून चालूच आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि ठरवलं, त्या धुळीने पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांचं काय होतं, तेच शोधायचं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ज्या धुळीवर तू शिकली, तिचीच चुगली करून राहिली काय?" त्या दिवसापासून त्यांनी विषयाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. अडेलपणा मला कुठून मिळाला हे त्यावरून कळावं. पण वाईट वाटायचंच. माझ्या पहिलीच्या निकालापासून प्रत्येक कागद त्यांनी चष्मा लावून वाचला होता, आणि माझ्या विषयाच्या आराखड्याचा हा एकच कागद त्यांच्यासमोर टेबलावर पडलेला असायचा आणि ते त्यावर चहाचा कप ठेवायचे.

पहिलं स्थळ मोठं होतं. मनीषनगरात बंगला, दारात दोन गाड्या, हाताखाली आठ विद्यार्थी. मार्च सरत आला होता. मी सरांना भेटायला निघाले तर आई चप्पल घालून दारात उभी.

"तू कायले येतं?"

"घर पाहायले."

नेलं तिला. ही माझी चूक असं तेव्हा वाटलं. गाईडला भेटायला आईला घेऊन जाणारी विद्यापीठाच्या इतिहासात मी एकटीच असेन.

बंगल्याच्या बाजूला एक तिशीतला माणूस बनियनवर, सरांच्या कुलरचं जुनं गवत उपसून नवं भरत होता. मला वाटलं मेकॅनिक. तो म्हणाला, "सर अंघोळीला गेलेत, बसा. मी त्यांचा रिसर्च स्कॉलर." म्हणजे ही तिथली रीतच होती. उन्हाळा लागला की सरांचे विद्यार्थी सरांचे तिन्ही कुलर काढायचे, धुवायचे, पंप बसवायचे आणि पाणी भरून चालू करून द्यायचे. नव्याने आलेल्यांना गवत, जुन्यांना वायरिंग. ज्येष्ठतेचा मान होता त्यात.

आईने त्याच्या शेजारी बैठक मारली. "किती वर्षं झाले गा तुले इथं?"

"सहावं चालू आहे, काकू."

"अन् लिहिलं ते कुठं हाये?"

त्याने स्क्रूड्रायव्हरने कुलरच्या स्टँडकडे बोट दाखवलं. स्टँडचा एक पाय आखूड होता. त्याखाली स्पायरल बाइंडिंग केलेला एक गठ्ठा होता, पाण्याने फुगलेला. "दुसरं प्रकरण," तो म्हणाला. "सरांनी तपासायला ठेवून घेतलं होतं." तो हे सांगताना चिडलासुद्धा नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सर अंघोळ करून आले, पावडर लावलेले. विषय ऐकून म्हणाले, "धूळ कोण वाचतं हो आजकाल? नॅनो घ्या. माझ्याकडे तयार विषय आहे, फक्त नाव टाकायचं." मी विचार करून सांगते म्हटलं. दुरून डोंगर साजरे ते असे. गेटबाहेर आल्यावर आई म्हणाली, "नाही वं. इथं पोरगी नांदायची नाही."

मग आईने आपली पद्धत मला शिकवली. नवऱ्या मुलाला काय विचारायचं, तो तर सदरा इस्त्री करूनच बसतो. त्या घरात आधी गेलेल्या सुनांना विचारायचं. मी तसंच केलं. एका मॅडमकडे दोन जागा कायम रिकाम्या असत, कारण त्यांच्याकडून पोरं पळून जातात अशी ख्याती. न पळालेली एक बाई आता शिकवत होती. तिला फोन केला. ती म्हणाली, "रडवलं लय. पण साडेचार वर्षांत मोकळं केलं. अन् कुलर त्यांचा त्याच भरतात."

मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. "विषय कोणी दिला?"

"कोणी नाही. माझा आहे."

"मग बस."

गाईड झाला. आता समिती. मॅडम धरून तीन माणसं हवी होती. मी दोन नावं नेली, दोघेही गोड स्वभावाचे, विद्यार्थ्यांत लोकप्रिय. मॅडमनी एकावर काट मारली.

"चांगले आहेत ते, मॅडम."

"म्हणूनच. चांगली माणसं चहा पितात आणि सही करतात." मग त्यांनी समोरच्या खोलीतल्या सरांचं नाव लिहिलं. मी गारच पडले. मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहावी यावरून त्या दोघांचं बोलणं बंद होतं, आणि ते मी कॉलेजात होते तेव्हापासून. "तो माझं काहीही चालवून घेणार नाही," मॅडम म्हणाल्या. "एक तरी माणूस वाचणारा पाहिजे."

बैठकीच्या दिवशी मी आलुबोंडे नेले, तळलेल्या मिरच्यांसकट. गोड स्वभावाच्या सरांनी तीन खाल्ले आणि विषय छान आहे म्हणाले. दुसऱ्या सरांनी बशीला हात लावला नाही. ते मॅडमशी माझ्यामार्फत बोलत होते. "तुमच्या गाईडना सांगा, पान सातवर नकाशा आहे." मॅडम दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. मी सांगितलं. "तुमच्या सरांना सांग, मला दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

मग ते माझ्याकडे वळले. "पानं गोळा करायची ही बारा ठिकाणं कोणी निवडली?"

"मी, सर."

"सगळी एकाच बाजूला का?"

"तिकडे आमच्या खोल्या होत्या. धूळ तिकडेच यायची."

"धुळीला तुमचं घर माहीत होतं?" ते शांतपणे म्हणाले. "वारा कुठे आहे यात? कोणत्या महिन्यात कुठे वाहतो? हे आणल्याशिवाय मी सही करणार नाही. दहा दिवस आहेत तुमच्याकडे."

बसमध्ये मी त्यांना मनात भरपूर शिव्या घातल्या. घरापर्यंत येता येता मात्र शिव्या संपल्या, कारण प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर ज्याला माहीत होतं, तो माणूस माझ्याशी या विषयावर बोलत नव्हता.

सह्या झाल्या, हे आधीच सांगून टाकते. चौथ्या दिवशी झाल्या. पण त्याआधी, बैठकीच्याच संध्याकाळी, मी नकाशा बाबांच्या पुढ्यात ठेवला. "बाबा, चुगली राहू द्या. हे चुकलं आहे काय, तेवढं सांगा."

त्यांनी कप बाजूला ठेवला. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"इथं उन्हाळ्यात येते धूळ," ते म्हणाले. "उन्हाळ्यात वावरात काय राहते? ढेकळं. पऱ्हाटी उभी असते तवा वारा फिरलेला राहते. दिवाळीनंतर सारी धूळ नाल्यापलीकडं जाते. तुले पाहिजे ती पानं तिकडं हायेत."

"तुम्हाले पक्कं माहीत आहे?"

"क्रशरवर चढलो की सारं दिसे. वेचणाऱ्या बाया दुपारपर्यंत पांढऱ्याफटक होऊन जात. आम्ही त्यायले भुतं म्हणत होतो." ते थांबले. "हसत होतो आम्ही."

आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही.

"मी बी त्यातच होती," ती म्हणाली. "तोंडाले पदर बांधला राहे, म्हणून तुम्ही ओळखलं नाही. मी ओळखत होती तुम्हाले. हसताना बी."

इतकी वर्षं मी हिवाळ्यात आईला संध्याकाळी हातापायांवरची धूळ धुताना पाहत होते आणि नकाशावर मात्र फक्त आमच्या खोल्यांभोवती फुल्या मारून आले होते.

मग बाबा उठले. नकाशा घेऊन ओट्यापाशी गेले, तो आईसमोर धरला आणि पेन्सिल पुढे केली.

"तूच सांग," ते म्हणाले. "कुठं कुठं वेचत होत्या तुम्ही?"

आईने पिठाचे हात पदराला पुसले आणि नाल्यापलीकडे पहिली फुली मारली.