पुलावरचा जावई

माझी वहिनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघडलेल्या लाइन शोधायची. कुठली तार कुठे जाते हे कुणी लिहून ठेवलेलं नसलं की साहेब लोक तिलाच बोलवायचे. निवृत्त झाली तेव्हा तिला एक घड्याळ मिळालं आणि भरपूर वेळ मिळाला. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं.

वेळ तिने दादाच्या खेळावर घालवला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. लग्नाच्याही आधी, बाविसाव्या वर्षी, त्याने एक कॉम्प्युटर गेम लिहिला होता. एक पोस्टमन घरोघर पत्रं टाकत जातो आणि कुत्री त्याच्या मागे लागतात. शंभरेक फ्लॉपी विकल्या गेल्या असतील. प्रोग्रॅमच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. उरली एकच फ्लॉपी, आणि तीही वाचताना कुरकुरायची.

"त्याच्या हातचं एवढंच राहिलंय," वहिनी म्हणाली. तिला तो खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवायचा होता, आणि त्याने केला होता अगदी तसाच.

फ्लॉपीवरून कसाबसा उतरवून घेतला तो नुसता आकड्यांचा ढीग. यंत्राला तो कळतो, माणसाला नाही. कुठले आकडे म्हणजे हुकूम, कुठले चित्र, कुठले भुंकणं, हे एकेक करून ताडायचं. कसं गं जमतं, असं मी विचारलं, तर म्हणाली, लाइन शोधायची तसंच, एक टोक हलवायचं आणि कुठे वाजतं ते बघायचं. ती एक आकडा बदलायची आणि खेळ चालवून बघायची. कधी पोस्टमनचं डोकं गायब व्हायचं, कधी सगळंच ठप्प.

एखाद्या तुकड्याचं काम कळलं की ती त्याचं बारसं करायची. नावं सगळी घरातली. सगळ्यांच्या कामावर डोळा ठेवणारा तुकडा 'सासूबाई'. सारखा पडदा पुसणारा 'धाकटी जाऊ'. एक तुकडा पूल आला की यायचा, सात निरर्थक आकडे चाळायचा आणि काहीही न करता परत जायचा. त्याचं नाव 'जावई'. येतो, बसतो, जातो, कामाला हात लावत नाही, असं ती म्हणायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

दीड वर्षाने खेळ नव्या मशीनवर उभा राहिला. प्रत्येक तुकडा तिने नव्याने लिहिला होता, एक जावई सोडून. जो कामच करत नाही त्याला कशाला बरोबर न्यायचं?

पहिला डाव माझा होता. पुलावर एक कुत्रा झोपलेला असतो. तो उठायच्या आत दोन बटणं एकदम दाबून उडी मारावी लागते. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं जन्मापासून आखडलेली. तरीही लहानपणी मैत्रिणी त्या पुलावर हरायच्या आणि मी कधीच नाही. त्याचा तोरा मी शाळाभर मिरवला होता. तेव्हासारखंच मी माझं लाडाचं नाव टाइप केलं, भिंगरी, आणि पुलावर कुत्र्याने मला धरलं. नऊ वेळा खेळले, नऊ वेळा धरलं.

मी चिडले आणि नको ते बोलून गेले. "हा दादाचा खेळच नाही. तू भलतंच काहीतरी बनवलंयस."

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने कॉम्प्युटर बंद केला. मी तोंड फुगवून घरी आले.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तू नाव काय टाकलं होतंस, एवढंच तिने विचारलं. आपण आजवर फक्त स्वतःचं नाव टाकून खेळत आलो, हे तिच्या आत्ता लक्षात आलं होतं. दुपारी मला बोलावून तिने एक कागद पुढे ठेवला. त्यावर ते सात आकडे होते. भिंगरी इंग्रजीत लिहिलं की सात अक्षरं होतात. प्रत्येक अक्षराच्या जागी दादाने त्याच्या पुढच्या अक्षराचा आकडा ठेवला होता, कुणी आत डोकावलं तरी कळू नये म्हणून. खेळणारीचं नाव जुळलं तरच तो तुकडा जागा व्हायचा आणि उगाच आकडे मोजत बसायचा. पाऊण सेकंद. तोवर कुत्र्याची पाळी यायची नाही, आणि तेवढ्यात माझी बोटं पोचायची.

"जावई नव्हता गं तो," वहिनी म्हणाली. "तुझा भाऊ होता."

मला रडू आवरेना. दादाने आयुष्यभर माझी टिंगल केली, माझ्या नाकाची, आवाजाची, स्वयंपाकाची. हे मात्र एकदाही बोलला नाही. उलट माझ्या मैत्रिणींना म्हणायचा, पूल कसा ओलांडायचा ते हिच्याकडून शिका.

वहिनीने तो तुकडा जसाच्या तसा परत बसवला होता. मी भिंगरी लिहिलं आणि पहिल्याच झटक्यात पूल ओलांडला. दादाचे आभार मानायचं राहून गेलं होतं, ते मी वहिनीचे मानले, माफीही मागितली. तिने दीड वर्ष ते आकडे चिवडले नसते तर मला हे मरेपर्यंत कळलं नसतं.

"म्हणजे मला काही येतच नव्हतं," मी म्हटलं.

"येत होतं की," ती म्हणाली. "त्याने फक्त कुत्र्याला जरा उशिरा उठवलं."